दिवसा मंडीत बरे, रात्री घरी दम: असं का होतं?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टरांचं वय ४१, बारा वर्षं छावणीच्या अनाज मंडीत अडतीचं काम. गेल्या वर्षापासून दिवाळीच्या आधीचा महिना-दीड महिना त्यांना दम लागतो. पण दिवसभर मंडीत काही होत नाही. घरी येऊन जेवले की रात्री दहा-अकराला छातीत शिट्टी वाजायला लागते. त्यामुळे घरातलंच काहीतरी बाधतंय असं सगळ्यांना वाटतं. दही, भात, केळी बंद झाली आणि सासूबाईंनी मांजरही देऊन टाकली. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ९,२००, त्यांत इओसिनोफिल ९ टक्के आणि आयजीई (अॅलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड) ७८० आहे. ताई विचारतात: प्रतिकारशक्ती कमी झाली का? ती वाढवायला काय द्यावं? आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा पंप बरं वाटल्यावरही रोज घ्यायचाच का?

ताई, आधी प्रतिकारशक्तीचं बघू. हा शब्द माझ्या ओपीडीत रोज येतो आणि त्यापायी लोकांचं नुकसान होताना मी पाहते. मिस्टरांची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. तिची दिशा चुकली आहे. जंतांशी लढायला शरीराने जी फौज बाळगली, तीच फौज त्यांच्या श्वासनलिकेत एका साध्या धुळीवर तुटून पडते आहे. तेव्हा ती 'वाढवायला' काढे, पावडरी, डबे यांवर पैसे घालवू नका. त्याने दमा जाणार नाही, आणि त्या भरवशावर पंप सुटला तर नक्की बिघडेल.

आता रिपोर्ट. ९,२०० चे ९ टक्के म्हणजे ८२८ इओसिनोफिल. साधारण ५०० च्या आत असावेत. आपल्याकडे लोक "इस्नोफिलिया झालाय" म्हणतात, जणू ते एखाद्या आजाराचंच नाव आहे. खरं तर ती एका पेशीची मोजणी आहे, आणि ती वाढायला अॅलर्जी, पोटातले जंत, काही औषधं अशी बरीच कारणं असतात. हत्तीरोगाच्या जंतांमुळे फुप्फुसात होणारा एक विकारही आपल्या देशात आहे. त्यातही रात्रीच खोकला येतो, पण मोजणी सहसा ३,००० च्या वर जाते, बारीक ताप असतो, वजन उतरतं आणि त्याचा तीन आठवड्यांचा वेगळा गोळ्यांचा कोर्स असतो. मिस्टरांचा आकडा आणि विशेषतः ठरावीक मोसम तिकडे बोट दाखवत नाही. म्हणून कुणी "इस्नोफिलियाच्या गोळ्या" सुचवल्या तर तपासल्याशिवाय घेऊ नका. शौचाची तपासणी मात्र एकदा करून टाका, ती स्वस्त आहे.

मोसमाकडे बघा. सप्टेंबर संपता संपता माळव्यात सोयाबीन निघतं आणि ऑक्टोबरमध्ये मंडीत ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम जाऊन तिथे उभी राहिले होते. ट्रॉलीचं मागचं फळकट उघडलं की दाणे सरसर ओतले जातात आणि ढिगाच्या वर फिकट तपकिरी धूर उभा राहतो. उन्हाच्या तिरिपेत तो स्पष्ट दिसतो. हम्माल, तुलावटी, शेतकरी सगळ्यांच्या भुवयांवर तो बसतो, हिशेबाच्या वहीवर बसतो. त्यात अडत्या काय करतो? मूठभर दाणे तळहातावर घेतो, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारतो, साल उडालं की कचरा किती ते पाहतो, मग एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो. असं दिवसातून शंभर वेळा. त्या फुंकरीनंतरचा श्वास आठवा. तो सालाची धूळ घेऊनच आत जातो.

सोयाबीनच्या सालात अशी प्रथिनं आहेत की ज्यांची माणसाला श्वासातून अॅलर्जी होऊ शकते. हे जगाला नीट कळलं ते स्पेनमधल्या बार्सिलोनामुळे. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी अचानक इस्पितळं भरून जायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. शोध घेता घेता लक्षात आलं की त्या त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं आणि एका कोठाराला धूळ अडवणारे फिल्टर नव्हते. ज्यांना झटका आला त्यांच्या रक्तात सोयाविरुद्धची आयजीई सापडली, आणि फिल्टर बसवल्यावर साथी थांबल्या. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था ज्या इंदुरात आहे, तिथे दम्याच्या रुग्णाला "मंडीत जाता का?" हे विचारायचं मात्र राहून जातं. माझ्याही हातून राहिलं आहे. एका हम्मालाला मी दोन मोसम औषधं देत राहिले आणि तो करतो काय हे तिसऱ्या वर्षी विचारलं. त्या दोन वर्षांत त्याच्या फुप्फुसांचं जे झालं ते पूर्ण भरून आलं नाही.

घाबरून घरातलं सोयातेल बंद करू नका. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास नसतंच, आणि हा सालाच्या धुळीचा, श्वासाचा प्रश्न आहे.

बारा वर्षं काही झालं नाही आणि आताच का, असं तुमच्या मनात येईलच. श्वासनलिकेचं आतलं अस्तर म्हणजे नुसती भिंत नव्हे. धूळ, धूर, सर्दीचे विषाणू यांनी ते दुखावलं की त्या पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात. अस्तराच्या फटींमधून डेंड्रायटिक पेशी आपले हात हवेच्या बाजूला काढून बसलेल्या असतात. आलेल्या कणाचा तुकडा उचलायचा आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशींना, म्हणजे लढायचं की नाही हे ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा, हे त्यांचं काम. बहुतेक लोकांत टी पेशी तो तुकडा पाहून "सोडून द्या" म्हणतात, आणि तो संयम राखायला नियामक टी पेशींची वेगळी जातच आहे. पण काही लोकांत, आईवडिलांकडून आलेल्या प्रवृत्तीमुळे आणि त्या इशाऱ्यांच्या दाबाखाली, कधीतरी निर्णय उलटा होतो. टी पेशी 'टीएच २' प्रकारच्या बनतात, आणि त्यांची स्मृती वर्षानुवर्षं टिकते. या वळणाला काही महिने लागू शकतात, तशी दहा-पंधरा वर्षंही. त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही.

टीएच २ पेशी स्वतः हत्यार चालवत नाहीत. त्या इंटरल्युकिन नावाच्या प्रथिनांतून हुकूम सोडतात. त्यातले तीन लक्षात ठेवा, कारण आजची नवी औषधं नेमकी त्यांच्यावरच बेतलेली आहेत. इंटरल्युकिन ४ बी पेशींना सांगतं की आयजीई बनवा. इंटरल्युकिन ५ हाडांच्या मगजाला सांगतं की इओसिनोफिल पाठवा आणि त्यांना जगवा. इंटरल्युकिन १३ नळीच्या अस्तरात चिकट कफ वाढवतं आणि नळी चिडकी करतं.

आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकते. पण श्वासनलिकेतल्या मास्ट पेशीच्या (तिच्याविषयी पुढे सांगते) पाठीवर जाऊन बसली की आठवडे, महिने राहते. म्हणून ७८० हा आकडा पाहून दमा किती तीव्र ते ठरवू नका. ३,००० आयजीई असलेला माणूस आरामात जिना चढताना मी पाहिला आहे आणि १५० वाला आयसीयूत. मिस्टरांच्या बाबतीत एकूण आयजीईपेक्षा सोयाबीनविरुद्धची आयजीई आहे का, हा प्रश्न मोलाचा.

मास्ट पेशीला नाव दिलं पॉल एर्लिख या जर्मन तरुणाने, १८७८ सालच्या आपल्या प्रबंधात. त्याच वर्षी इंदुरात मेडिकल स्कूल सुरू झालं, जे पुढे आमचं एमजीएम कॉलेज झालं. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. दाण्यांनी गच्च भरलेली ही पेशी त्याला खाऊनपिऊन सुखी वाटली, म्हणून जर्मनमध्ये तसं नाव. ती रक्तात फिरत नाही. श्वासनलिकेत, रक्तवाहिन्यांजवळ, मज्जातंतूंजवळ ठाण मांडून असते आणि दमेकऱ्यांत तर नळीच्या स्नायूच्या आतही सापडते. सालाचा कण आला आणि शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटला की काही मिनिटांत ती आपले दाणे उधळते. त्यातून हिस्टामिन निघतं, ल्युकोट्राइनं तयार होतात, स्नायू आवळतो. हा झटका पंधरा ते तीस मिनिटांत टोक गाठतो आणि तास-दोन तासांत ओसरतो.

तेव्हा "मंडीत काही होत नाही" हे मी पूर्णपणे मानत नाही. त्यांना नीट विचारा: लिलाव चालू असताना शिंका, डोळ्यांना खाज, घशात खवखव, चार-पाच वेळा खोकला, छातीवर थोडा दाब? बहुतेक पुरुष याला "धुळीचा ठसका" म्हणून सोडून देतात. मी विचारते तेव्हा दहातले सात-आठ जण थोडं थांबतात आणि मग हो म्हणतात.

रात्रीच्या दम्याचं उत्तर इथून पुढे आहे. मास्ट पेशी दाणे उधळतानाच मदतीची हाकही देतात, आणि टीएच २ पेशी जाग्या होतात. ही मदत यायला वेळ लागतो. रक्तातून इओसिनोफिल, टी पेशी, इतर पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, बाहेर सरकतात, नळीच्या अस्तरात उतरतात. तीन-चार तासांनी दुसरी लाट सुरू होते, सहा ते बारा तासांत जोर धरते आणि ही लाट लवकर ओसरत नाही. आता घड्याळ मांडा. दुपारी बारा ते चार लिलाव असेल तर दुसरी लाट येते रात्री आठ ते बाराच्या दरम्यान. तेव्हा माणूस घरी असतो, जेवलेला असतो, आणि आळ येतो दहीभातावर.

शिवाय दुसऱ्या लाटेनंतर श्वासनलिका काही दिवस, कधी आठवडे, हुळहुळी राहते. मग मिरचीची फोडणी, उदबत्ती, थंड वारा, हसणं, कशानेही दम लागतो. ही कारणं खोटी नाहीत, पण ती शेवटची काडी आहेत. त्यात मध्यरात्रीनंतर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल उतरलेलं असतं आणि नळ्याही स्वभावतः थोड्या अरुंद होतात. म्हणून सुट्टीच्या पहिल्या दिवशी लगेच बरं वाटलं नाही, तर "मंडीचा संबंध नाही" असा निष्कर्ष काढू नका.

अशा रुग्णाचा बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मला आजही थांबून बघावंसं वाटतं. कफाच्या निळसर धाग्यांमध्ये इओसिनोफिल विखुरलेले असतात, दोन पाळ्यांचं केंद्रक आणि भोवती गडद नारिंगी दाणे. काही फुटलेले, दाणे आजूबाजूला सांडलेले. मध्येच सुईसारखे दोन्ही टोकांना निमुळते पारदर्शक स्फटिक, जे या पेशींच्याच प्रथिनापासून तयार होतात. त्या सांडलेल्या दाण्यांतली प्रथिनं जंताची कातडी जाळण्यासाठी असतात. जंत नाही म्हटल्यावर ती नळीचं अस्तर सोलतात. सोललेल्या अस्तरातून उद्याची धूळ आणखी सहज आत जाते, आणि चक्र चालू राहतं.

तरी सगळा दोष इओसिनोफिलच्या माथी मारणं बरोबर नाही. मी विद्यार्थ्यांना पूर्वी तसंच शिकवायचे. पण इंटरल्युकिन ५ ला रोखणाऱ्या औषधाची सुरुवातीची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा इओसिनोफिल तर खाली आले, मात्र धूळ हुंगवल्यावरची दुसरी लाट तशीच राहिली. औषध वाया गेलं असं वाटलं. २००९ मध्ये, ज्यांच्या बेडक्यात स्टेरॉइड घेऊनही इओसिनोफिल टिकून होते आणि वारंवार झटके यायचे, अशांनाच निवडून दिलं तेव्हा झटके स्पष्टपणे घटले. म्हणजे नळीचं रोजचं आवळणं बऱ्याच अंशी मास्ट आणि टी पेशींच्या हातात, आणि मोठे झटके इओसिनोफिलच्या. काही दमेकऱ्यांत तर न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, जास्त सापडतात, विशेषतः सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत, आणि त्यांना स्टेरॉइडचा पंप तितका लागू पडत नाही. मिस्टर ओढत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा.

सर्दीचंही एक. २०१० च्या सुमारास आणखी एक पेशी नीट ओळखली गेली, आयएलसी २. तिला आयजीई लागत नाही, स्मृती लागत नाही. अस्तराचा धोक्याचा इशारा मिळाला की ती थेट इंटरल्युकिन ५ आणि १३ ओतते. सर्दी झाली की अॅलर्जीचा दमा का उसळतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी तिच्यात आहे.

आता पंप. निळा पंप, म्हणजे दम लागला की लगेच घ्यायचा तो, स्नायू सैल करतो, पाच मिनिटांत. पहिल्या झटक्यावर तो उत्तम. पण दुसऱ्या लाटेच्या पेशींना तो थांबवत नाही. त्या उतरतच राहतात, आणि माणसाला मात्र वाटतं की झालं बरं. स्टेरॉइडचा पंप नेमका इथे काम करतो: टीएच २ पेशींचे हुकूम दाबतो, इओसिनोफिल मरू देतो, अस्तर सावरू देतो. त्याचा परिणाम शिट्टी थांबण्यात लगेच दिसत नाही, म्हणून लोक तो सोडतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की मोठ्यांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बरं वाटल्यावरही रोज. बरं वाटतं त्या दिवसांतही पेशी नळीत असतातच. मोसम संपल्यावर, तीन महिने नीट गेल्यावर, तुमचे डॉक्टर मात्रा उतरवतील. ते स्वतःहून करू नका. स्टेरॉइड या शब्दाची भीती मी समजू शकते, पण हिशेब बघा. पंपातून दिवसाला साधारण ४०० मायक्रोग्रॅम जातं. झटक्यात गोळी द्यावी लागली तर ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगवेगळी असल्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही, पण फरक लक्षात यावा. पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. त्याची सवय लागत नाही.

एवढ्यावरही काहींचा दमा आटोक्यात येत नाही. त्यांच्यासाठी आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब २००३ पासून आहे, इंटरल्युकिन ५ ला पकडणारं मेपोलिझुमॅब २०१५ पासून. भारतात मिळतात, पण महाग आहेत. मिस्टरांना आज त्यांची गरज आहे असं मला वाटत नाही. त्यांना गरज आहे ती धूळ कमी होण्याची.

पुढचे पंधरा-वीस दिवस हे करा. औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतं, फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारं. दिवसातून किमान चार वेळा, उठल्यावर, मंडीत दुपारी, घरी आल्यावर आणि झोपताना, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. शेजारी त्या दिवशी किती ट्रॉल्या, मंडी चालू की बंद, निळा पंप किती वेळा. मंडीच्या आणि सुट्टीच्या दिवसांतला फरक त्या वहीत आपोआप दिसेल. दिवाळीच्या सुट्टीचे आकडे फार उपयोगाचे, पण फटाक्यांच्या रात्रींवर वेगळी खूण करा. सोबत स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) आणि सोयाबीनची त्वचाचाचणी किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई करून घ्या. सीबीसी पुन्हा करायचा असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना नको. गोळीने इओसिनोफिल काही तासांतच खाली जातात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

मंडीत एन ९५ मास्क, नाकावर घट्ट. गमछा बारीक धूळ अडवत नाही. ट्रॉली ओतताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहायचं. फुंकर मारायचं काम मुनीमजींना किंवा चाळणीला द्यायचं. घरी आल्यावर बाहेरच कपडे बदलून थेट अंघोळ, म्हणजे धूळ उशीपर्यंत जाणार नाही. निदान पक्कं झालं तर या मोसमात त्यांना आतल्या हिशेबाच्या कामावर बसवता येईल का, हे घरात आत्ताच बोला. त्रास सुरू झाल्यावर जितकी वर्षं तीच धूळ श्वासात जाते, तितकी श्वासनलिका कायमची जाड होते आणि नंतर काम सोडूनही दमा सुटत नाही.

वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा निळ्या पंपाने आराम पडत नाही, असं रात्री झालं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच इमर्जन्सीत न्या.

वही भरली की घेऊन या. दहीभात आजपासून सुरू करायला हरकत नाही. मांजराचं त्या आकड्यांवरून आणि त्वचाचाचणीवरून ठरवू. तोवर ती जिथे दिली आहे तिथे राहू द्या.